संकेतस्थळाची जोडकमाई व सरकारदेणे

शेतीस जोडधंदा असावा, ह्या विषयावर शेतकी मासिकांतून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुभती जनावरे, कोंबड्या, मधमाश्या, रोपवाटिका ही नावे वाचकांच्या परिचयाची आहेत. गेल्या काही वर्षांत ह्या यादीत एका अगदी निराळ्या धंद्याची भर पडली आहे. शिकलेला तरुण शेतकरी डाळिंबाच्या बहाराची, ठिबकच्या देखभालीची किंवा बाजारभावाची माहिती लिहितो, छायाचित्रे काढतो, स्वतःचे संकेतस्थळ उघडून ती तेथे मांडतो. आणि वाचणारांची संख्या वाढली म्हणजे त्या संकेतस्थळावर जाहिराती येऊ लागतात. जाहिरातींमागोमाग पैसा येतो. तो बहुधा मोठा नसतो. कोणास वर्षाकाठी पाच-दहा हजार, तर कोणास लाखभर. परंतु हा पैसा खळ्यावर न येता थेट बँकेच्या खात्यावर येतो, आणि म्हणूनच त्याचा हिशेब खळ्याच्या रीतीने करून भागत नाही.

ह्या पैशाविषयी आमच्या शेतकरीबंधूंत दोन समजुती रूढ झालेल्या दिसतात. पहिली अशी की, आपण शेतकरी, आणि शेतकऱ्यास आयकर नाही. दुसरी अशी की, एवढ्याशा रकमेची चौकशी सरकार कशाला करील? पहिली समजूत कायद्याच्या दृष्टीने चुकीची आहे व दुसरी व्यवहाराच्या दृष्टीने. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. आयकराचे खाते निराळे, हे खरे. तथापि सरकारी कागद कसा लिहिला जातो आणि पुढे तो कसा वाचला जातो, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्या आधारावर चार गोष्टी वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

प्रथम सूट कोणास आहे, ते पाहू. १८६० साली जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थानात आयकर आणला, तेव्हा तो शेतीच्या उत्पन्नावरही बसला होता. जमिनीचा सारा भरणाऱ्या रयतेवर हा दुहेरी बोजा होय, अशी ओरड होत राहिली. पुढे १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न ह्या करातून वगळले, आणि तेव्हापासून हा बांध कायम आहे. १९६१ च्या आयकर अधिनियमाच्या कलम १० (१) मध्ये तो होता, आणि १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख आहे त्या आयकर अधिनियम, २०२५ मध्येही तो ठेवलेला आहे. राज्यघटनेने शेती-उत्पन्नावरील कराचा विषय राज्यांकडे सोपविलेला असल्यामुळे केंद्राचा हात तेथे सहसा पोहोचत नाही.

परंतु ह्या सर्व इतिहासात एक गोष्ट कधीही बदललेली नाही. सूट मिळाली आहे ती शेतीच्या उत्पन्नास. शेतकरी नावाच्या माणसास ती मिळालेली नाही. सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणून त्या नावाच्या खात्यात पडणारा प्रत्येक रुपया शेतीचा ठरत नाही. शेतीचे उत्पन्न म्हणजे काय, ह्याचा ऊहापोह सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली राजा बिनय कुमार सहस राय यांच्या खटल्यात केला. जमिनीवर मनुष्याने स्वतः मेहनत करावी, नांगरणी, पेरणी, लागवड अशी मूळची कामे व्हावीत, आणि त्यांतून पीक निघावे; खुरपणी, राखण, कापणी ही कामे त्या मूळ कामांस जोडून येतात, ती एकटी पुरेशी नाहीत, असा त्या निकालाचा आशय आहे. त्यापूर्वी १९५५ साली बाचा गझदर यांच्या खटल्यात ह्याच न्यायालयाने ठरविले की, चहाच्या मळ्यांच्या कंपनीतील भागधारकास मिळणारा लाभांश हे शेतीचे उत्पन्न नव्हे. कंपनीचा पैसा मळ्यातून आला असेल. भागधारकास मात्र तो त्याच्या भागांमुळे मिळाला.

हाच न्याय आमच्या विषयास तंतोतंत लागू पडतो. डाळिंबावर लेख लिहिला, म्हणून त्या लेखाशेजारच्या जाहिरातीचे पैसे डाळिंबाचे होत नाहीत. ते लेखणीचे आहेत. जमीन त्यांचा विषय आहे, उगम नव्हे.

येथे थोडा सूक्ष्म विचार करावा लागतो, कारण एकाच संकेतस्थळावरून अनेक प्रकारचा पैसा येऊ शकतो. समजा, एका शेतकऱ्याची स्वतःची रोपवाटिका आहे, आणि संकेतस्थळावर मागणी घेऊन तो रोपे विकतो. रोपवाटिकेत वाढविलेल्या रोपांचे उत्पन्न हे शेतीचेच उत्पन्न समजावे, असा स्पष्ट खुलासा २००८ च्या वित्त अधिनियमाने कायद्यात घातला. येथे संकेतस्थळ हे केवळ दुकानाची फळी होय. माल आपल्या रानचा आहे, सबब सूट आहे. आपल्या शेतातील द्राक्षे, हळद किंवा तांदूळ ह्याच मार्गाने विकले तरी हीच गोष्ट. परंतु शेजाऱ्याची हळद विकत घेऊन ती नफ्याने विकली, तर तो व्यापार झाला. बियाण्याच्या किंवा अवजारांच्या दुकानाचा दुवा आपल्या पानावर देऊन प्रत्येक विक्रीमागे मिळते, ते कमिशन झाले. शिकवणीचे शुल्क घेतले, तर ती सेवा झाली. जाहिरातीचा पैसा तर वर सांगितल्याप्रमाणे उघडच धंद्याचा. दूध, अंडी व मध ह्यांचे उत्पन्नही आयकराच्या दृष्टीने शेतीत मोडत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मग जाहिरातीचे ते कोठून मोडणार? म्हणून पहिले काम हे की, आलेला पैसा राशी लावल्याप्रमाणे निरनिराळा करावा. एकत्र झालेले धान्य मागाहून निवडणे किती जिकिरीचे असते, हे आम्ही शेतकऱ्यांस सांगावे असे नाही.

आता कर किती, हा प्रश्न. येथे भिण्यासारखे फारसे काही नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नाही. आणि कलम ८७-अ च्या सवलतीमुळे, शेअरविक्रीसारखे विशेष दराचे उत्पन्न सोडले तर, १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर हातून काहीही द्यावे लागत नाही. ही मर्यादा मोजताना शेतीचे उत्पन्न त्यात धरीत नाहीत. ज्या शेतकऱ्यास संकेतस्थळाचे साठ हजार व बँकेच्या व्याजाचे दहा हजार मिळतात, आणि दुसरे उत्पन्न शेतीचेच आहे, त्याचे करपात्र उत्पन्न सत्तर हजार. त्यास कर नाही, व एरव्ही विवरणपत्र भरण्याची सक्तीही नाही.

मात्र ज्याच्या घरी नोकरीचा पगार आहे, त्याने पुढील दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. कर शून्य म्हणजे विवरणपत्रही शून्य, असे नाही. समजा, एका माध्यमिक शिक्षकाचा पगार प्रमाणित वजावट जाऊन साडेसहा लाख आहे व संकेतस्थळाचे खर्च वजा जाता लाखभर मिळतात. त्याचे उत्पन्न साडेसात लाख झाले. सवलतीमुळे कर काहीच नाही. पण उत्पन्न ४ लाखांवर गेले असल्यामुळे विवरणपत्र भरलेच पाहिजे. सवलत ही मागून घ्यावयाची वस्तू आहे. ती घरबसल्या मिळत नाही.

दुसरी गोष्ट शेतीचे उत्पन्न मिळवून दर ठरविण्याची. १९७२ साली के. एन. राज समितीने शेतीवरील करांविषयी अहवाल दिला, आणि १९७३ च्या वित्त अधिनियमाने अशी रीत घातली की, शेतीच्या उत्पन्नावर कर घ्यावयाचा नाही, परंतु इतर उत्पन्नाचा दर ठरविताना ते हिशेबात धरावयाचे. आज ही रीत शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक व इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेहून अधिक असेल तेव्हा लागू होते. उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एकाचे पगार व संकेतस्थळ मिळून करपात्र उत्पन्न १४ लाख आहे, व शेतीचे ४ लाख. २०२५-२६ च्या दराने १८ लाखांवरील कर १,६०,००० रुपये होतो. त्यातून शेतीचे ४ लाख अधिक करमुक्त मर्यादेचे ४ लाख, अशा ८ लाखांवरील २०,००० रुपये वजा करावयाचे. बाकी राहिला १,४०,००० रुपये कर, व त्यावर शेकडा ४ प्रमाणे उपकर. शेती मुळीच नसती, तर हाच कर ९०,००० रुपये झाला असता. तेव्हा शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे म्हणून ते सांगावयाचेच नाही, अशी समजूत करून घेऊ नये. ते सांगावे लागते, आणि ५ लाखांवर असल्यास जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की खंडाची, बागायत की जिरायत, हा तपशीलही विवरणपत्रात द्यावा लागतो.

उत्पन्न कोणाचे, हाही प्रश्न घरोघरी उपस्थित होतो. जमीन वडिलांच्या नावे, संकेतस्थळ मुलाने चालविलेले, आणि पैसा मात्र आईच्या खात्यावर, अशी व्यवस्था पुष्कळ घरांत सोयीसाठी केलेली असते. उत्पन्न ज्याच्या अकलेने व मेहनतीने आले त्याचे. खाते कोणाचे आहे, ह्यावर ते ठरत नाही. अज्ञान मुलाचे उत्पन्न सामान्यतः आईबापांच्या उत्पन्नात मिळवितात, परंतु त्याने स्वतःच्या कौशल्याने कमाविलेले त्यास अपवाद आहे. पैसा परदेशी कंपनीकडून आला, म्हणून तो कायद्याबाहेर राहतो, असेही कोणी समजू नये. भारतात राहणाऱ्या माणसाचे जगभरातील उत्पन्न येथेच हिशेबात येते.

एका प्रकाराकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. संकेतस्थळाचा बोलबाला झाला की, कंपन्या आपला फवारणी-पंप किंवा यंत्र पाठवून त्यावर अभिप्राय लिहिण्यास सांगतात. वस्तू परत केली, तर प्रश्न नाही. ठेवून घेतली, तर ती कमाईच होय. एका वर्षात अशा वस्तूंचे मोल २०,००० रुपयांहून अधिक झाले, तर देणाऱ्याने शेकडा १० प्रमाणे कर कापून भरावा, असा नियम १ जुलै २०२२ पासून आहे. म्हणजे ज्या पंपास घरचे लोक भेट समजतात, त्याची नोंद सरकारदप्तरी पॅन क्रमांकासह झालेली असते.

येथे दुसऱ्या समजुतीचे उत्तर मिळते. पूर्वी सरकारास माहिती मिळावयाची ती आपण सांगू तेवढीच. आज व्याज, कमिशन, कापलेला कर व परदेशातून आलेला पैसा ह्यांच्या नोंदी बँका व कंपन्या परस्पर कळवितात, आणि २०२१ सालापासून त्या वार्षिक माहिती विवरणात एकत्र पाहावयास मिळतात. प्रत्येकाने आयकराच्या संकेतस्थळावर आपले हे पान वर्षातून एकदा तरी उघडून पाहावे. आपल्याविषयी सरकारास काय ठाऊक आहे, हे आपणांस ठाऊक असणे बरे. शिवाय कित्येकांचा कर कापला जाऊन पडून असतो. त्यांचे देणे शून्य असल्यामुळे तो सबंध परत मिळू शकतो, पण विवरणपत्र भरल्यावाचून तो मिळत नाही.

हिशेब ठेवण्यास फार विद्या लागत नाही. संकेतस्थळाच्या पैशाकरिता बँकेत निराळे खाते ठेवावे. एका वहीत आलेली रक्कम, तारीख व देणाऱ्याचे नाव लिहावे. ज्या खर्चाचा ह्या कामाशी संबंध आहे, जसे इंटरनेट, संकेतस्थळाच्या जागेचे भाडे, कॅमेऱ्याची घट, तो दुसऱ्या बाजूस लिहून पावत्या जपाव्या. खताची गोणी व विहिरीचे वीजबिल ह्या वहीत आणू नये. गूगलच्या जाहिरात-योजनेत साधारणतः १०० डॉलर साठल्यावाचून पैसे पाठवीत नाहीत; तेव्हा पैसा हाती आला त्या दिवशी धरावयाचा की देय झाला त्या दिवशी, हे एकदा ठरवून तीच रीत दरसाल चालवावी. वस्तु-सेवा कराची नोंदणी सेवेची उलाढाल वर्षास २० लाखांच्या आत असेल, तर सामान्यतः लागत नाही.

आता ह्यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. मोठमोठे लोक शेतीच्या नावाखाली लाखो रुपये लपवितात, मग आम्हा गरिबांच्या पाच-दहा हजारांचाच एवढा विचार कशाला? आक्षेपातील पूर्वार्ध खोटा नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१९ साली ठेवलेल्या अहवालात, पुरेसे कागद न पाहता शेती-उत्पन्नाची सूट दिली गेल्याची कितीतरी प्रकरणे उघडकीस आणली. परंतु त्यावरून काढलेला उत्तरार्ध आम्हांस मान्य नाही. आमच्या नोकरीत बांधाच्या तक्रारी असंख्य आल्या. बांध एका दिवसात कोणी मोडीत नाही. दर नांगरटीस वीतभर कोरला जातो, आणि प्रत्येक कोरणारा म्हणतो की, एवढ्याने काय होते? शेती-उत्पन्नाची सूट हा आम्हां शेतकऱ्यांचा बांध आहे. तिच्यावर टीका करणारे लोक शहरांत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हाती दिला जाणारा प्रत्येक खोटा आकडा हा त्यांचा पुरावा होतो. बड्यांचे खोटे आकडे त्यात आहेतच. आमचेही त्यात पडले, तर ही सूट राखण्याकरिता तोंड वर करून बोलावे कोणी? ज्या शेतकऱ्यास दुष्काळाच्या वर्षी ह्या सुटीवाचून गती नाही, त्याचे नुकसान आपल्या जाहिरातीच्या चार पैशांपायी व्हावे, हे आम्हांस रास्त वाटत नाही.

शिवाय खोटे टिकतही नाही. शेतीचे उत्पन्न सांगितले की, त्यामागे सातबारा उभा राहतो. गाव नमुना बारामध्ये कोणते पीक, किती क्षेत्रावर, ते लिहिलेले असते, आणि २०२१ पासून तर ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच उभ्या पिकाचे छायाचित्र देतो. दोन एकर पडीक जिरायतीच्या नावावर कोणी जाहिरातीचे तीन लाख शेतीचे म्हणून दाखविले, तर तलाठ्याचा कागदच त्याच्याविरुद्ध साक्ष देईल. उलट खरे लिहिणाऱ्याचा फायदा आहे. कर्ज मागावयास गेल्यास बँका मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे पाहतात, आणि लहानशी का होईना, नोंदलेली कमाई ही पत ठरते.

सरकारच्या पदरीही आम्हांस एक दोष घालावयाचा आहे. ज्याचे शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक, त्यास 'सहज' किंवा 'सुगम' हे सोपे नमुने वापरता येत नाहीत. धंद्याचे उत्पन्न थोडे जरी असले, तरी त्याने आयटीआर-३ हा लांबलचक नमुना भरावा लागतो. ही ५,००० रुपयांची मर्यादा कित्येक वर्षांत हललेली नाही. आज एवढ्या रकमेत एका एकराचे खतसुद्धा धड येत नाही. साठ हजारांच्या जोडकमाईकरिता, कर शून्य असताना, शेतकऱ्याने जाणकारास पैसे देऊन तो नमुना भरवावा, आणि मग त्याने कंटाळून सगळेच 'शेती' म्हणून टाकले तर सरकारने नवल करावे, हे योग्य नाही. ही मर्यादा निदान काही लाखांपर्यंत वाढवून लहान उत्पन्नाच्या शेतकऱ्यास सोपा नमुना मोकळा करावा, अशी मागणी शेतकऱ्यांच्या संस्थांनी एकमुखाने केली पाहिजे. परंतु मागणी करणाऱ्याची स्वतःची वही स्वच्छ असली पाहिजे, हेही तितकेच खरे.

आमच्या संघाने ह्या बाबतीत एक पाऊल उचलावे, अशी सूचना करून हा लेख आटोपतो. दरवर्षी विवरणपत्राच्या हंगामात संघाच्या कचेरीत चार दिवस एखादा जाणकार बसवावा. सभासदांनी सातबारा, बँकेचे पुस्तक व वर सांगितलेली वही घेऊन यावे. कोणता पैसा रानाचा व कोणता लेखणीचा, हे तेथे एकदा निवडून घेतले की, पुढील वर्षापासून शेतकरी ते स्वतः करू शकेल. हे काम संघास सहज करता येण्यासारखे आहे, आणि व्यवस्थापक मंडळ ह्याचा येत्या सभेत विचार करील अशी आम्हांस उमेद आहे.